विणकर मुंग्या बागेत टिकत नाहीत, किंवा असूनही कीड हटत नाही: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

आंबा, काजू, लिंबूवर्गीय फळे, नारळ किंवा कोको यांच्या बागेत तांबड्या विणकर मुंग्यांच्या (झाडाची पाने रेशमाने जोडून घरटी करणाऱ्या मुंग्यांच्या) भरवशावर कीडनियंत्रण करणाऱ्यांची तक्रार जवळजवळ नेहमी सारखीच असते. पहिल्या हंगामात मुंग्यांनी चांगले काम केले, दुसऱ्या हंगामात त्या विरळ झाल्या आणि पुढे झाडावर फक्त वाळलेली घरटी उरली. हा बिघाड मी निरनिराळ्या बागांत अनेकदा दुरुस्त केला आहे. त्यामागची कारणे मोजकीच असतात, पण ती शोधण्याचा क्रम चुकला तर पैसा आणि हंगाम दोन्ही वाया जातात. म्हणून पुढील तपासण्या फुकट आणि सोप्या कामापासून सुरू होतात, आणि खर्चिक व कठीण काम शेवटी येते.

लक्षणे

यांपैकी आपल्या बागेत काय दिसते ते आधी निश्चित करावे, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या तपासणीकडे नेते.

- घरटी झाडावर आहेत, पण त्यांची पाने तपकिरी व वाळकी आहेत आणि हिरव्या पानांची नवी घरटी दिसत नाहीत.
- काही झाडांवर मुंग्यांची दाटी आहे आणि लगतची झाडे पूर्ण रिकामी आहेत.
- बुंध्याशी किंवा दोन झाडांच्या मधल्या जमिनीवर मेलेल्या, पाय तुटलेल्या विणकर मुंग्या पडलेल्या आढळतात.
- मुंग्या भरपूर आहेत, पण पाने चिकट झाली आहेत, त्यांवर काळी बुरशी चढली आहे आणि कोवळ्या फांद्यांवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण वाढले आहेत.
- मुंग्या भरपूर आहेत, पण फळांच्या सालीवर लहान काळपट डाग पडतात.
- मुंग्या आहेत असे वाटते, तरी तुडतुडे, ढेकण्या (रस शोषणारा ढेकूण) किंवा फळमाशी यांचे नुकसान पूर्वीइतकेच आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी

घरटे म्हणजे वसाहत नव्हे. विणकर मुंग्यांची एक प्रौढ वसाहत दहा-बारापासून वीसेक झाडांपर्यंत पसरते, तिची घरटी शंभराहून अधिक असू शकतात आणि कामकरी मुंग्यांची संख्या लाखांत जाते. एवढ्या पसाऱ्यामागे अंडी घालणारी राणी बहुधा एकच असते आणि ती एकाच घरट्यात राहते. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत एकाच वसाहतीत अनेक राण्या आढळल्या आहेत, पण आपल्या बागेत तसे असेल असे गृहीत धरू नये. झाडावरून चार घरटी तोडून आपल्या झाडांवर टांगणाऱ्याला प्रत्यक्षात आईविना मुलांची टोळी मिळालेली असते. ती काही महिने हिंडते, शिकार करते आणि मग संपते. पुढील बहुतेक तपासण्यांचा गाभा हाच आहे की आपल्या बागेत घरटी आहेत की वसाहत आहे, आणि वसाहत असेल तर तिची हद्द कोठे संपते.

हे तंत्र नवे नाही. दक्षिण चीनमध्ये संत्रावर्गीय झाडांवर टांगण्यासाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद इ.स. ३०४ च्या सुमारास झालेली आहे. आशियातील व उत्तर ऑस्ट्रेलियातील विणकर मुंगी एका जातीची आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील दुसऱ्या जातीची आहे. दोघींचे वागणे इतके सारखे आहे की पुढील सूचना दोन्हींना लागू पडतात.

पहिली तपासणी: मुंग्या खरोखर पुरेशा आहेत का, हे मोजणे

याला वही, पेन्सिल आणि एक सकाळ एवढेच लागते, तरी ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. घरटी मोजण्याचा उपयोग नाही, कारण रिकामी घरटी फांदीवर दीर्घकाळ तशीच राहतात. मोजायच्या असतात त्या मुंग्यांच्या वाटा. पाऊस नसलेल्या दिवशी, ऊन कडक होण्यापूर्वी किंवा दुपार उतरल्यावर, प्रत्येक झाडाच्या मुख्य फांद्या पाहाव्यात. ज्या फांदीवर १० पेक्षा अधिक मुंग्या ये-जा करताना दिसतात तिला १ गुण, १ ते १० दिसल्या तर अर्धा गुण आणि एकही नसेल तर शून्य द्यावा. गुणांच्या बेरजेला मुख्य फांद्यांच्या संख्येने भागून टक्केवारी काढावी. ऑस्ट्रेलियात काजू आणि आंब्याच्या बागांवर काम करणाऱ्या संशोधकांनी ही पद्धत रुळवली आहे, आणि तिचा व्यवहारातील अर्थ असा की निम्म्याहून अधिक फांद्यांवर वाट असेल तर ते झाड संरक्षित धरावे, त्याखाली असेल तर धरू नये.

हे महत्त्वाचे का, तर विणकर मुंग्यांचा परिणाम संख्येवर अवलंबून असतो. किडीला मारून खाणे हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. त्यांच्या सतत वावरामुळे कीड झाडावर बसू किंवा अंडी घालू शकत नाही, हा दुसरा आणि बऱ्याचदा मोठा भाग. पश्चिम आफ्रिकेतील आंब्यावर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की मुंग्या ज्या फळांवरून फिरून गेल्या आहेत, त्या फळांवर मुंग्या हजर नसतानाही फळमाश्या अंडी घालण्यास बिचकतात, कारण मुंग्यांनी मागे सोडलेले रासायनिक अंश त्यांना जाणवतात. वाटा विरळ असतील तर झाडाच्या मोठ्या भागावर असे अंश उरतच नाहीत, आणि मग मुंग्या असूनही कीड आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

बागेचा साधा नकाशा काढून प्रत्येक झाडापुढे टक्केवारी लिहावी. पुढील अर्ध्याहून अधिक निदान या कागदावरच होते.

दुसरी तपासणी: कीड मुंग्यांच्या आवाक्यातील आहे का

विणकर मुंग्या झाडाच्या पृष्ठभागावर शिकार करतात. काजूवरील ढेकण्या, नारळावरील रस शोषणारे ढेकूण, पाने खाणाऱ्या अळ्या, भुंगेरे, तुडतुडे यांच्यावर त्यांचा अंमल चांगला चालतो. खोडात शिरलेली अळी, मुळांवरील कीड, करपा किंवा भुरीसारखे बुरशीजन्य रोग आणि कोळी (पानांवरील सूक्ष्म कीड) यांच्याबाबत त्यांच्याकडून अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. नुकसान या दुसऱ्या गटातील असेल तर मुंग्यांची तपासणी येथेच थांबवावी आणि त्या रोगाचा किंवा किडीचा स्वतंत्र उपाय करावा. फक्त तो करताना मुंग्या मरणार नाहीत याची काळजी घ्यावी.

तिसरी तपासणी: फवारणीची नोंद

गेल्या सहा महिन्यांत बागेत, बांधावर आणि लगतच्या शेतात काय फवारले गेले ते लिहून काढावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड, ऑर्गॅनोफॉस्फेट आणि निओनिकोटिनॉइड या गटांतील कीटकनाशके विणकर मुंग्यांना घातक असतात. एका फवारणीने वसाहत लगेच नाहीशी होत नाही, आणि तेथेच फसगत होते. फवारणीत बाहेर वावरणाऱ्या कामकरी मुंग्या मरतात, घरट्यातल्या अळ्या अन्नावाचून राहतात, आणि मुंग्यांची खरी घसरण पुढील काही आठवड्यांत दिसते. तोपर्यंत फवारणीचा विसर पडलेला असतो आणि दोष पावसाला किंवा थंडीला दिला जातो.

नकाशावर टक्केवारी बागेच्या एका कडेला एकदम घसरलेली दिसली, तर वाऱ्याने आलेला फवारा हा पहिला संशयित समजावा. झाडे इथे-तिथे नव्हे तर ओळीने रिकामी झाली असतील तर फवारणी यंत्र ज्या ओळींतून फिरले त्या ओळी आठवून पाहाव्यात. तणनाशकाबरोबर त्याच पंपातून पूर्वी मारलेल्या कीटकनाशकाचा अंश उडाल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत. मुंग्या असलेल्या बागेसाठी पंप वेगळा ठेवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

फवारणी टाळता येत नसेल तर सबंध बागेवर न मारता फक्त प्रादुर्भाव असलेल्या फांद्यांवर मारावे आणि अवशेष न ठेवणारे साहित्य निवडावे. साबणाचे द्रावण अंगावर ओले पडते तेवढ्यापुरतेच मारते, वाळल्यावर त्याचा परिणाम राहत नाही, म्हणून त्यात सापडलेल्या थोड्या मुंग्या मेल्या तरी वसाहत सावरते.

चौथी तपासणी: वाटा, पाणी आणि पोट

ही तपासणी थोडक्यात आटोपते. झाडांच्या फांद्या एकमेकींना टेकत नसतील तर मुंग्यांना प्रत्येक झाडासाठी जमिनीवरून जावे लागते, आणि जमिनीवर त्यांचे शत्रू असतात. छाटणीनंतर मुंग्या अचानक विरळ झाल्या असतील तर कारण बहुधा हेच असते. एकाच वसाहतीच्या झाडांमध्ये दोरी, काथ्या किंवा बांबूची काठी बांधून पूल करावा. ओलाव्याने सडणार नाही अशी दोरी घ्यावी आणि ती फांदीला घट्ट आवळू नये.

नवी वसाहत आणल्यावर, किंवा झाडावर नवी पालवी व शिकार दोन्ही नसलेल्या कोरड्या काळात, साखरेचे पाणी आणि मासळीचे किंवा मांसाचे लहान तुकडे ठेवणे उपयोगी पडते. साखरेचे पाणी साधारण एक भाग साखर आणि चार-पाच भाग पाणी या प्रमाणात, कापसात भिजवून ठेवावे, म्हणजे मुंग्या बुडत नाहीत. उरलेले मांस सडण्यापूर्वी काढून टाकावे. जमलेल्या वसाहतीला कायमचे खाऊ घालू नये, कारण आपल्याला तिने शिकारीला बाहेर पडायला हवे असते.

पाचवी तपासणी: दोन वसाहतींची लढाई

माझ्या अनुभवात सर्वाधिक बागा येथेच अडकतात, आणि इथला उपाय जवळजवळ फुकट आहे. विणकर मुंग्या दुसऱ्या वसाहतीच्या मुंग्यांना कोणत्याही परिस्थितीत सहन करत नाहीत. मुंग्या वाढाव्यात म्हणून निरनिराळ्या ठिकाणांहून घरटी आणून एकाच बागेत टांगली, तर पुढचे अनेक आठवडे त्या किडी सोडून एकमेकींना मारत राहतात.

लढाई डोळ्यांनी ओळखता येते. हद्दीवरच्या फांदीवर मुंग्या जबडे उघडून, पोटाचे टोक पाठीवरून पुढे झुकवून ताठ उभ्या असतात. एखाद्या मुंगीला चार-पाच मुंग्यांनी पायांना आणि मिशांना धरून चहूबाजूंनी ताणलेले दिसते, आणि तास उलटला तरी ती पकड सुटत नाही. बुंध्याशी पडलेल्या मेलेल्या मुंग्यांचे पाय तुटलेले असतात, हा या लढाईचाच पुरावा आहे. कीटकनाशकाने मेलेल्या मुंग्या अशा तुटत नाहीत. हद्दीजवळची घरटी उघडून पाहिली तर त्यांत अळ्या किंवा कोष जवळपास नसतात, केवळ वयस्क कामकरी मुंग्या भरलेल्या असतात. ही घरटी म्हणजे त्या वसाहतीची सीमेवरची ठाणी आहेत. तेथील मुंग्या लढण्यासाठी ठेवलेल्या असतात, म्हणून अशा घरट्यांची संख्या जास्त असली तरी कीडनियंत्रणाच्या हिशेबात ती धरू नयेत.

शंका असेल तर चाचणी सोपी आहे. एका झाडावरच्या आठ-दहा मुंग्या एका छोट्या काठीवर चढवाव्यात आणि ती काठी दुसऱ्या झाडावरच्या वाटेला टेकवावी. एकाच वसाहतीच्या असतील तर त्या मिशांनी एकमेकींना स्पर्श करून पुढे निघून जातात. वेगळ्या असतील तर बघता बघता झोंबाझोंबी सुरू होते. याप्रमाणे झाडांच्या जोड्या तपासून नकाशावर प्रत्येक वसाहतीभोवती रेघ मारावी.

उपाय असा की हद्दीवरच्या दोन झाडांमधील टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात आणि त्या दोघांमधील दोऱ्या सोडवाव्यात, म्हणजे दोन वसाहतींचा रोजचा संपर्क तुटतो. वसाहतीच्या आतल्या झाडांना जोडावे आणि दोन वेगळ्या वसाहतींची झाडे एकमेकांना टेकू देऊ नयेत, हे दोन्ही एकाच वेळी करावे लागते. केवळ जोडत राहिल्यास लढाई वाढते. फळांवरचे काळपट डागही पुष्कळदा याच कामाने कमी होतात, कारण मुंग्या लढताना फॉर्मिक आम्लाचा फवारा उडवतात आणि ते कोवळ्या सालीवर पडले की डाग राहतो. फळांच्या घोसालाच लागून घरटे असेल तर फळ लहान असतानाच ते हलवावे.

सहावी तपासणी: चिकटा आणि काळी बुरशी

मुंग्यांना साखर हवी असते आणि ती त्यांना खवले कीड, पिठ्या ढेकूण व मावा यांच्या गोड स्रावातून मिळते. त्याच्या मोबदल्यात मुंग्या या किडींच्या शत्रूंना, म्हणजे ढालकिडे व परजीवी गांधीलमाश्यांना, हुसकावून लावतात. म्हणून मुंग्या असलेल्या झाडावर या किडी काही प्रमाणात राहणारच, आणि थोड्या असतील तर त्या तशाच राहू द्याव्यात. साखरेचा हा पुरवठा एकदम तोडला तर मुंग्या झाड सोडतात. पानांवर काळी बुरशी पसरू लागली, कोवळे शेंडे आखडू लागले किंवा फळांच्या देठाशी पांढरा कापूस दिसू लागला, तर मात्र हस्तक्षेप करावा.

तो जागेवरच करावा. सर्वाधिक बाधित फांद्या छाटून बागेबाहेर न्याव्यात आणि उरलेल्या ठिकाणी पोटॅशियम साबणाचे द्रावण किंवा फवारणीचे पांढरे तेल मारावे. फवारा पानाच्या मागच्या बाजूला आणि देठाच्या बेचक्यात पोचला पाहिजे, कारण ही साधने किडीच्या अंगावर पडली तरच काम करतात, आणि याच कारणाने फवारणी पुन्हा करावी लागते. तेल कडक उन्हात मारू नये, आणि गंधकाची फवारणी झाली असेल तर दोघांमध्ये निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, नाहीतर पाने करपतात. मुंग्यांच्या घरट्यांवर फवारा मारायचे काही कारण नाही.

सातवी तपासणी: दुसऱ्या मुंग्या

विणकर मुंग्यांचे खरे वैरी पक्षी नाहीत, दुसऱ्या मुंग्या आहेत. मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या असलेली जमिनीवरची छोटी तपकिरी जात आणि लांब पायांची, सैरावैरा धावणारी पिवळी जात, या दोन मुंग्या जगभरच्या सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींत गणल्या जातात आणि दोन्ही विणकर मुंग्यांना झाडावरून हाकलून देतात. पूर्व आफ्रिकेतील नारळाच्या बागांत या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांमुळे विणकर मुंग्या मागे हटतात आणि कोवळी फळे गाळणारा ढेकूण वाढतो, हे तेथील अभ्यासांतून नीट नोंदवले गेले आहे.

रात्री बुंध्याच्या तळाशी आणि आळ्याच्या कडेने थोडे मासळीचे तुकडे व साखरेच्या पाण्याचा कापूस ठेवून अर्ध्या तासाने विजेरी घेऊन पाहावे. विणकर मुंग्यांऐवजी बारीक तपकिरी मुंग्यांनी आमिष झाकून गेले असेल तर कारण सापडले. या मुंग्या पडलेल्या झावळ्या, पालापाचोळा, लाकडाचे ओंडके आणि दगड यांच्याखाली राहतात, म्हणून बुंध्याभोवतीचा हा आसरा काढून टाकणे ही पहिली पायरी. विणकर मुंग्या झाडावर येण्यापूर्वीच झाड मोकळे असणे आवश्यक आहे. ज्या झाडावर दुसऱ्या मुंग्यांचा ताबा आहे त्यावर नवी वसाहत टांगणे म्हणजे ती मारायला पाठवणे होय.

जमिनीवरच्या या मुंग्यांसाठी दाणेदार विषारी आमिष वापरले जाते, कारण कामकरी ते घरट्यात नेतात आणि त्यामुळे राणीपर्यंत विष पोचते. परंतु आमिष कोणते, किती आणि आपल्या देशात फळबागेत त्याला परवानगी आहे की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. सगळ्या बागेत हे शत्रू पसरले असतील तर येथेच थांबून तज्ज्ञाला बोलवावे.

आठवी तपासणी: राणी आहे का

वरचे सर्व नीट असूनही वाटा महिन्यागणिक कमी होत असतील, तर राणीचा प्रश्न उरतो. झाडावर चढून राणी शोधण्यापूर्वी खालूनच दोन गोष्टी पाहाव्यात. एक, हिरव्या पानांची नवी घरटी बनत आहेत का. विणकर मुंग्या पाने जोडतात ते अळ्यांच्या रेशमाने: काही कामकरी पानांच्या कडा जबड्यांनी धरून जवळ ओढतात आणि दुसऱ्या कामकरी मोठ्या झालेल्या अळ्या तोंडात धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवतात. वयस्क मुंग्यांना रेशीम काढता येत नाही. म्हणून जेथे अळ्या नाहीत तेथे नवी घरटीही नाहीत, आणि जुनी वाळून गळू लागली की वसाहत उघडी पडते. दोन, एक-दोन मध्यम घरटी कापून पांढऱ्या कापडावर झटकावीत आणि आत काय आहे ते पाहावे. अंडी, लहान अळ्या आणि कामकरी मुंग्यांचे कोष असतील तर राणी आहे. केवळ काळपट, पंख असलेले नर आणि त्यांचे कोष असतील, बारीक अळ्या अजिबात नसतील, तर राणी बहुधा नाही. राणी नसताना कामकरी मुंग्या घालतात त्या अंड्यांतून नरच निपजतात.

हे पाहताना हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मुंगी चावते आणि त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडते. ते डोळ्यात गेले तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

राणी नसलेली वसाहत वाचवता येत नाही. बाहेरून वयस्क मुंग्या आणून त्यात मिसळता येत नाहीत, त्या मारल्या जातात. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्या वसाहतीचे कोष मात्र स्वीकारले जातात आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या मुंग्या नव्या वसाहतीच्याच होऊन राहतात. नुकत्या स्थापन झालेल्या लहान वसाहतीला कोष देऊन तिची वाढ लवकर होते, असे प्रयोगांत दिसले आहे. ही युक्ती राणी असलेल्या, पण दुबळ्या वसाहतीसाठी आहे.

पूर्ण वसाहत नव्याने आणणे

हे सर्वांत कष्टाचे काम, म्हणून शेवटी. वसाहत अशा झाडांवरून घ्यावी जिथे कीटकनाशक मारलेले नाही आणि ज्याच्या मालकाची परवानगी आहे. काठीच्या चाचणीने तिची हद्द आधी ठरवून घ्यावी आणि त्या हद्दीतील होतील तितकी सर्व घरटी एकाच मोहिमेत काढावीत. अंडी जेथे सर्वाधिक सापडतात त्या घरट्यात राणी असण्याची शक्यता अधिक असते. ते बहुधा हद्दीपासून दूर, दाट पानांच्या झाडावर असते. काम पहाटे किंवा संध्याकाळी करावे. घरटे फांदीसकट पिशवीत घालून तोंड बांधावे, पिशव्या सावलीत ठेवाव्यात आणि त्याच दिवशी टांगाव्यात, कारण बंद पिशवीत उष्णतेने मुंग्या लवकर मरतात.

एका वसाहतीची सर्व घरटी दोन-तीन लगतच्या, दोरीने जोडलेल्या झाडांवरच टांगावीत. बागभर वाटून टाकू नयेत. पहिले दोन-तीन आठवडे साखरेचे पाणी व मांस द्यावे. नवी हिरवी घरटी दिसू लागली की दोरीने पुढची झाडे एकेक करून जोडावीत. मिलनउड्डाणानंतर, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीस, एकटी राणी पकडून वसाहत सुरू करणेही शक्य असते, पण ती झाडांचे रक्षण करण्याइतकी मोठी होण्यास एक ते दोन वर्षे जातात, तेव्हा चालू हंगामाच्या आशेने हा मार्ग धरू नये.

कोठे थांबावे

आपल्या प्रदेशात विणकर मुंग्या नैसर्गिकरीत्या नसतील तर त्या बाहेरून आणू नयेत. अमेरिका खंडांत त्या मूळच्या नाहीत, आणि नव्या भूमीत शिरलेल्या मुंगीला परत काढता येत नाही. देशाच्या किंवा प्रदेशाच्या सीमेपलीकडून मुंग्या अथवा मुंग्यांसह रोपे नेण्याआधी वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयाला विचारावे.

मुंग्या चावल्यावर कोणाला ओठ किंवा चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली किंवा श्वास घेण्यास त्रास झाला, तर बागेतील काम थांबवून त्या व्यक्तीला ताबडतोब दवाखान्यात न्यावे, आणि पुढे त्या व्यक्तीला या झाडांवर काढणीला पाठवू नये. इतरांच्या बाबतीत काढणीपूर्वी झाडावर पाण्याचा फवारा मारल्याने मुंग्या काही वेळ मागे हटतात, तेवढ्यात लांब काठीने फळे उतरवून घ्यावीत. घरटी उंच शेंड्यावर असतील आणि चढण्याची सुरक्षित साधने नसतील तर ते काम झाड चढण्याचा सराव असलेल्या माणसाकडेच सोपवावे. हाताला मुंग्या चावत असताना फांदीवर तोल सांभाळणे कठीण असते.

पूर्ण वसाहत दोनदा नीट आणूनही ती विरली, मुंग्या एका रात्रीत मेलेल्या आढळल्या आणि फवारणीच्या नोंदीत काहीच नाही, किंवा संपूर्ण बागेत आक्रमक मुंग्या पसरल्या आहेत, अशा वेळी कृषी कीटकशास्त्रज्ञाला किंवा कृषी विद्यापीठाच्या विस्तार केंद्राला बोलवावे. त्यांच्याकडे जाताना वाटांच्या टक्केवारीचा नकाशा, फवारणीची नोंद, लढाई होणाऱ्या झाडांच्या जोड्या, आणि बुंध्याशी सापडलेल्या इतर मुंग्यांपैकी वीसेक मुंग्या ७० टक्के अल्कोहोल असलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत न्याव्यात. तारीख, झाडाचा क्रमांक आणि मुंग्या कोठे सापडल्या ते पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी, कारण शाई अल्कोहोलमध्ये पसरते. मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या दिसत असतील तर शिपाई व कामकरी अशा दोन्ही आकारांच्या मुंग्या नमुन्यात घ्याव्यात, म्हणजे जात ओळखणे सोपे जाते.